शालिकभाऊंची कंपनी

शालिकभाऊ मासे धरायला तलावात उतरतात तेव्हा त्यांच्या अंगावर दुमडलेली लुंगी, डोक्याला दुपट्टा आणि गळ्यात ओळखपत्र असतं. पाणी कमरेच्या वर आलं की ते ओळखपत्र पाठीवर टाकतात. पाणी छातीला लागलं की दातात धरतात. त्या वेळी ते बोलत नाहीत, फक्त हातांनी सूचना देतात.

ओळखपत्र तालुक्याच्या गावी, सिंदेवाहीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बनवलेलं आहे. निळ्या पट्टीवर कुठल्याशा नर्सिंग कॉलेजचं नाव छापलंय, कारण दुकानदाराकडे तेवढीच पट्टी शिल्लक होती. कार्डावर शालिकभाऊंचा फोटो, खाली नाव, खाली 'पद : अध्यक्ष' आणि त्याखाली 'रक्तगट : आहे'.

आमच्या तलावावर शालिकभाऊंना न ओळखणारं माणूस तर सोडाच, बैलसुद्धा नाही. मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊ, हे कार्ड दाखवता कुणाला?"

"दाखवाले नसते ते, बाई," ते म्हणाले. "कंपनीत समदेच घालतेत."

कंपनी म्हणजे आमच्या गावची मच्छीमार संस्था. धानाच्या बांध्यांच्या मधोमध जुना मोठा तलाव आहे, पलीकडच्या काठाला जंगल लागतं. गावातली धिवरांची घरं पिढ्यान्‌पिढ्या या तलावावर मासे धरत आली आहेत. संस्थेचे अध्यक्ष शालिकभाऊ. निवडणूक होते, पण उभे ते एकटेच राहतात.

मी गावच्या शाळेत शिकवते. माझे यजमान आलापल्लीला वनखात्यात आहेत, त्यामुळे आठवडाभर मी एकटीच असते. शालिकभाऊंच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली आहे. त्यांची आणि माझी भिंत एकच. ती भिंत पातळ आहे. शालिकभाऊंबद्दल मला जे माहीत आहे, त्यातलं निम्मं त्या भिंतीतून आलेलं आहे.

त्या सिनेमाचीही सुरुवात तिथूनच झाली.

सिनेमाचं नाव सांगून उपयोग नाही. तो कुणी पाहिलेला नाही. चंद्रपूरला तो लागलाच नाही, आणि नागपूरला लागला तेव्हा लोक शेजारच्या पडद्यावर दुसरंच काही पाहायला गेले. माझ्या मते तो फार चांगला विनोदी सिनेमा आहे. पण माझ्या मताला सिनेमाच्या धंद्यात किंमत नाही.

एका रविवारी दुपारी तो टीव्हीवर लागला. लीलाबाईंनी, म्हणजे शालिकभाऊंच्या पत्नीनं, मला हाक मारली. गल्लीतले आणखी चारदोन जण येऊन बसले. गोष्ट अशी की, लहान गावातला एक मुलगा मोठ्या शहरात काचेच्या इमारतीतल्या कंपनीत लागतो. कंपनी नेमकं काय बनवते हे त्याला कळत नाही. विचारायची लाज वाटते. हळूहळू त्याच्या लक्षात येतं की बाकीच्यांनाही ते माहीत नाही, आणि त्यांनाही लाज वाटतेय. पुढची मीटिंग कधी घ्यायची हे ठरवायला तिथं मीटिंग होते. साहेब कुणी काहीही बोललं तरी 'पॉइंट घेतला' म्हणतो आणि काहीच घेत नाही. ज्याला नोकरीवरून काढायचं त्याच्या नावाचा केक कापतात. मग एकदा त्या मुलाच्या वाढदिवसाला त्याची आई गावाहून केक घेऊन येते आणि तो डबा उघडताच सगळं ऑफिस टेबलाखाली लपतं.

आम्ही हसून हसून बेजार झालो. लीलाबाईंना तर ठसका लागला. शालिकभाऊ मात्र मांडी घालून, ताठ बसून पाहत होते. त्यांनी एकदा मागं वळून आम्हाला 'हुश्श' केलं. नंतर कोपऱ्यातला पत्रू, म्हणजे त्यांच्या संस्थेतला सगळ्यात गप्पिष्ट सभासद, काहीतरी बोलला तर त्याला म्हणाले, "पत्रू, चूप बस ना बे. ऐकू दे."

सिनेमा संपल्यावर मी म्हटलं, "मजा आली ना, भाऊ?"

"बाई," ते म्हणाले, "हे हासाची गोष्ट नाई. शिकाची गोष्ट आहे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सिंदेवाहीच्या मोबाइलवाल्याकडून तो सिनेमा पेन ड्राइव्हवर भरून आणला. त्यानंतर तो भिंतीपलीकडून मला इतक्या वेळा ऐकू आला की आता मला सगळे संवाद पाठ आहेत. एक गोष्ट मात्र कधी ऐकू आली नाही. हसण्याचा आवाज.

महिन्याभरात संस्थेची कंपनी झाली.

रोज सकाळी मासे धरून झाले की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मीटिंग भरू लागली. माणसं ओल्या अंगानं कुडकुडत उकिडवी बसत. शालिकभाऊ उभे राहत. तलावावर बसणारे पाणकावळे हे 'कॉम्पिटिशन' झाले. जाळ्याचं डावं टोक धरणारे एक 'डिपार्टमेंट', उजवं टोक धरणारे दुसरं. मधे डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, बसून काठी आपटणारा पत्रू एकटाच उरला, तो 'को-ऑर्डिनेशन' झाला. या शब्दाचा अर्थ पत्रूला आजतागायत माहीत नाही. पण त्याच्या सासरी तो सांगून आला आहे.

मीटिंगमध्ये कुणी भांडण काढलं की शालिकभाऊ म्हणत, "हे आपण ऑफलाइन बोलू." आमच्या गावात मोबाइलला रेंज फक्त पाळीवरच येते, बाकी गावातलं सगळंच बोलणं ऑफलाइन आहे. त्यामुळे भांडण पाळीवरून उठून घरी जाई आणि तिथं चांगलं रंगे.

एकदा मीटिंग चालू असताना पलीकडच्या काठावर वाघ पाणी प्यायला आला. आमच्याकडे वाघ येतो, त्यात काही नवल नाही. पण त्या दिवशी तो निवांत बसला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. शालिकभाऊंनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तो विषय आज अजेंड्यावर नाई." मीटिंग पुढं चालली. वाघही ऐकत होता असं पत्रू सांगतो.

मग अप्रेजल झालं. प्रत्येकानं उभं राहून आपण वर्षभरात काय चांगलं केलं ते सांगायचं. ही माणसं जन्मात कधी स्वतःबद्दल बोललेली नव्हती. एकेक जण उभा राहायचा, हसायचा, बसायचा. वारलूबुढा उभा राहिला. त्याचं वय त्याला माहीत नाही, पण बरंच आहे. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी पोहतो बरा."

"पॉइंट घेतला," शालिकभाऊ म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. वारलूबुढा खाली बसला तो दिवसभर मधूनच आपल्याशी हसत होता. संध्याकाळी त्यानं ती गोष्ट मला येऊन सांगितली, आणि शाळेतल्या मुलांनाही सांगा म्हणाला.

देवरावच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि पाण्यात उतरणं बंद झालं, तेव्हा शालिकभाऊंनी त्याच्यासाठी सिंदेवाहीहून केक आणला. सिनेमात केक कशाचा असतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मला धस्स झालं. पण देवरावला सिनेमा आठवला नाही. केकवर आपलं नाव पाहून तो पाळीवरच रडायला लागला. एवढ्या वर्षांत, तो म्हणाला, माह्या नावाचं कोणी काई आणलं नोहोतं.

गावात दोन मतं होती. एक, शालिकभाऊ बिघडले. दोन, ते आधीपासूनच असे होते. लीलाबाई दोन्ही मतांच्या होत्या. "का सांगू बाई," त्या म्हणत, "परवा मले म्हणते, भाजीबद्दल तुले फीडबॅक देतो. म्हटलं देऊन त पाहा."

पण एक गोष्ट सगळ्यांना मान्य होती. शालिकभाऊंना तो सिनेमा विनोदी आहे हे कळलेलं नाही. आणि हे त्यांना सांगायला कुणी तयार नव्हतं. मीही नाही. असं काही एखाद्याला सांगायचं तर ते कसं सुरू करायचं, हेच सुचत नाही.

शालिकभाऊंना एकुलता एक मुलगा. निखिल. तो शिकला, हैदराबादला कंपनीत लागला. काय काम करतो ते गावात कुणाला माहीत नव्हतं. लीलाबाई म्हणत, "कंपनीत आहे." कुणी आणखी विचारलं की म्हणत, "मोठी आहे." दर रविवारी शालिकभाऊ पाळीवर जाऊन त्याला फोन लावायचे. शाळेची माहिती ऑनलाइन भरायला मलाही पाळीवरच जावं लागतं, त्यामुळे ते फोन मी पुष्कळदा ऐकले आहेत. शालिकभाऊंच्या बाजूनं त्यात एकच शब्द असे, आमच्याकडचा 'हो'. "हव… हव… हव." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ तिथंच उभे राहायचे. मला वाटायचं, मासे पाहतायत.

दिवाळी होऊन गेल्यावर, धानाची कापणी चालू असताना, निखिल अचानक घरी आला. बॅगा होत्या, आणि दोरीनं बांधलेली एक गादी होती.

"वर्क फ्रॉम होम आहे," तो म्हणाला.

"चांगलं आहे," शालिकभाऊ म्हणाले. गादी त्यांनीच उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवसापासून निखिल इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग घेऊन पाळीवर जाऊन बसू लागला. चिंचेखाली. संध्याकाळी परत यायचा. गावाला फार कौतुक वाटलं. बाया धुणं घेऊन जाताना त्याच्याजवळून हळू पावलांनी जायच्या. पत्रूनं तर पोरांना ताकीद देऊन ठेवली होती की तिथं ओरडायचं नाही, हैदराबादला ऐकू जातं.

एकदा माझी माहिती मोबाइलवरून चढेना. मी निखिलकडे गेले. म्हटलं, "बाळा, जरा तुझ्या लॅपटॉपवरून भरून देतोस का?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चार्जिंग नाही, मॅडम."

"मग घरी जाऊन लाव की. मी थांबते."

"लावून होत नाही. बॅटरी गेली आहे." त्यानं एक बटण दाबून दाखवलं. "हा माझा कॉलेजमधला जुना आहे. कंपनीचा त्यांनी परत घेतला."

समोर उघडलेल्या काळ्या पडद्यात चिंचेची फांदी दिसत होती. दिवसभर तो तिच्याकडे पाहत बसत होता.

"बाबांना सांगू नका," तो म्हणाला.

मी नाही सांगितलं. पण भिंत पातळ आहे. जेवताना लीलाबाई 'अजून घे' म्हणायच्या आणि ताट सरकवल्याचा आवाज यायचा. लीलाबाई मला विचारायच्या, "बाई, तिकडे जेवण कमी करा लागते का?" पोरगा वाळत चालला होता. दुपारी शर्टाची बाही डोळ्यांवर घेऊन चिंचेखाली पडून राहायचा. कंपनीत असं करत असतील, अशी गावानं समजूत करून घेतली.

शालिकभाऊ मात्र आनंदात दिसत. एवढा मोठा कंपनीतला माणूस घरातच आला म्हटल्यावर त्यांनी त्याला मीटिंगला बोलावलं. निखिल टाळत राहिला. एका रविवारी सकाळी मात्र ते त्याच्या चिंचेखालीच आपली सगळी माणसं घेऊन गेले. मी पलीकडच्या दगडावर बसून शाळेच्या पोषण आहाराची माहिती भरत होते.

"आज आपल्यामंदी कन्सल्टंट आले आहेत," शालिकभाऊ म्हणाले. गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी सरळ केलं. "ते आपल्या परफॉर्मन्सवर बोलतीन. पैले लेफ्ट डिपार्टमेंट…"

"बाबा, बंद करा हे," निखिल म्हणाला.

"काऊन? का झालं?"

"तो पिक्चर कॉमेडी आहे, बाबा!" तो उठून उभा राहिला. "हासासाठी बनवला आहे तो. आमच्यासारख्यावर हासाले. तुमी खरा समजून हे करून राह्यले. गळ्यात पट्टा घालून राह्यले. कोणी सांगत नाई तुमाले, पण समदे मागून हासतेत."

"मी नाई हासत जी," पत्रू म्हणाला. ते खरं होतं. पत्रूला सिनेमा कळलाच नव्हता.

"असं नसते कंपनीत," निखिल म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "म्हणजे असंच असते. असंच असते, बाबा. एक दिवस सकाळी बोलावलं. एक पोरगी होती, माह्याच वयाची. तिनं स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. माह्याकडे पाह्यलं बी नाई तिनं. मंग लॅपटॉप घेतला, कार्ड घेतलं, आन् लिफ्टपर्यंत एक शिपाई संग आला. मी काई चोरीन म्हणून." त्यानं वाकून लॅपटॉप मिटला. "केक बी नाई देल्ला, बाबा."

पाणकावळे तेवढे ओरडत होते.

"आजची मीटिंग संपली," शालिकभाऊ म्हणाले. पुढची कधी ते न ठरवता मीटिंग संपल्याची ही पहिलीच वेळ. माणसं उठली. वारलूबुढा जाळं पाहायला गेला, पत्रू डोंग्यातलं पाणी काढायला गेला. डोंग्यात पाणी नव्हतं. मी जाऊ शकले नाही. माझी माहिती अर्धी चढली होती, उठले असते तर पुन्हा पहिल्यापासून.

शालिकभाऊ मुलाजवळ खाली बसले.

"मले मालूम आहे," ते म्हणाले.

"का मालूम आहे?"

"दोनी. घरून काम कराले कोनी गादी घेऊन येते का?"

निखिलही खाली बसला.

"आन् पिक्चर हासाचा आहे हे मले पैल्याच दिवशी समजलं. समदे हासून राह्यले होते. मी का येडा आहो?"

"मंग हे कायले करून राह्यले, बाबा?"

शालिकभाऊंनी एक गवताची काडी उपटली. "तू फोनवर बोलतं. म्हणतं, बाबा, टार्गेट वाढवलं. मी म्हणतो, हव. म्हणतं, फीडबॅक चांगला नाई आला. मी म्हणतो, हव. मंग तू म्हणतं, ठेवतो. मी घरी जातो, तुही माय इचारते, का म्हणे पोरगा? मी का सांगू तिले? मले एकबी शब्द समजत नोहोता. त्या पिक्चरमंदी तेच समदे शब्द होते. म्हणून कान देऊन ऐकलं. हासत बसलो असतो त निसटले असते."

"इचारून घ्याचं ना मले."

"तुले टाइम कुठी होता, बापू?" हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. "आन् मले करून पाह्यल्याशिवाय कोनतंच काम समजत नाई. म्हणून करून पाह्यलं. लय कठीण काम आहे तुहं. आमचं बरं. मासा निदान हातात येते."

निखिल गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. शालिकभाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. हात ठेवायची त्यांच्याकडे पद्धत नाही. ते फक्त थोडे सरकून त्याच्या जवळ बसले.

"मालूम होतं त बोलले काऊन नाई?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"माणूस बुडी मारून असते तवा त्याले वरून हाका नाई मारत आमी," शालिकभाऊ म्हणाले. "वर येते तो. फक्त जागेवरून हालाचं नाई आपण."

माझी माहिती चढली. मी उठून शक्य तितक्या कमी आवाजात घरी आले.

त्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे पुन्हा तोच सिनेमा लागला. मधूनमधून तो थांबायचा, आणि निखिलचा आवाज यायचा. "ह्याचा अर्थ असा, बाबा…" मग शालिकभाऊंचा. "असं होय का? मी त उलटंच करून राह्यलो होतो." आणि मग टेबलाखाली लपण्याचा तो प्रसंग आला. मी दुसरंच काही करत होते, पण हातातलं काम थांबलं. एक अनोळखी आवाज येत होता. सुरुवातीला वाटलं, कुणाला तरी खोकला झालाय. मग कळलं की शालिकभाऊ हसत आहेत. त्यांना हसताना दम लागतो, मधे थांबावं लागतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. लीलाबाई म्हणत होत्या, "अवो, पाणी प्या, पाणी प्या."

संध्याकाळी पत्रू आणि वारलूबुढा दारात आले. पत्रूच्या हातात डबा होता. दोघं मोटारसायकलवरून सिंदेवाहीला जाऊन आले होते. आमचा रस्ता जसा आहे तसा आहे, त्यामुळे केक एका बाजूला सगळा गोळा झाला होता. नावही त्यातच मिसळलं होतं. पण पत्रूनं बोट ठेवून दाखवलं की इथं 'नि' आहे.

"तुमच्या कंपनीनं नाई देल्ला म्हणून आमच्या कंपनीकून," पत्रू म्हणाला. मग असं बोलल्याची त्याला लाज वाटली. "को-ऑर्डिनेशन माह्यं होतं," असं म्हणून तो वारलूबुढ्याच्या मागं गेला.

निखिलनं केक पाहिला. तो हसला की रडला हे मला सांगता येणार नाही, कारण त्यानं तोंड फिरवलं. पण जेवला. लीलाबाईंनी मला दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन सांगितलं, भाताला दुसऱ्यांदा हात लावला म्हणून.

तो चार महिने राहिला. रोज बापाबरोबर पाण्यात उतरला. पहिले काही दिवस जाळं टाकताना जाळ्याबरोबर स्वतःही पडायचा, मग जमलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला नागपूरच्या एका कंपनीत काम मिळालं. हैदराबादपेक्षा लहान आहे. काय करते ते त्यानं वडिलांना समजावून सांगितलं, आणि शालिकभाऊंनी ते गावाला समजावून सांगितलं. आता गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे वेगवेगळं सांगतात.

मीटिंग मात्र बंद झाल्या नाहीत. शालिकभाऊंनी त्या बंद करायचं ठरवलं होतं, पण वारलूबुढा अडून बसला. यंदा आपल्याला अप्रेजलमध्ये आणखी एक गोष्ट सांगायची आहे, असं त्याचं म्हणणं. कोणती ते तो आधी सांगत नाही.

मागच्या महिन्यात शालिकभाऊ निखिलचं ऑफिस पाहायला नागपूरला गेले. पांढरा सदरा घातला, पिशवीत वाळलेले झिंगे घेतले, आणि सकाळच्या बसनं निघाले. दोन दिवसांनी परत आले. संध्याकाळी मी अंगणात गेले तेव्हा ते खाटेवर बसून होते. लीलाबाईंना सगळं सांगून झालं होतं, आता माझी पाळी होती.

त्यांनी लिफ्टचं सांगितलं. वरती इतकं थंड असतं की दुपट्टा गुंडाळून बसावं लागलं, ते सांगितलं. कॉफीच्या मशीनचं सांगितलं; बटण दाबलं की कॉफी येते, पण थांब म्हटलं तर थांबत नाही. निखिलचा साहेब स्वतः उठून उभा राहिला, त्यांच्याशी हात मिळवला. झिंग्यांची पिशवी त्यानं दोन्ही हातांनी घेतली. वास आला असेल, पण त्यानं दाखवलं नाही. चांगला माणूस आहे.

"निखिल म्हणे, बाबा, माह्या खुर्चीवर बसून पाहा. बसलो."

"मग? कसं वाटलं?"

"खुर्ची चांगली आहे. फिरते." अंगणाच्या टोकाशी जाळी वाळत घातली होती आणि पलीकडं तलाव अजून उजेडात होता.

"लहान होता तवा मी याले डोंग्यात पुढं बसवत जाय," ते म्हणाले. "रडत असला तरी चूप होत जाय. नुसता पाहात राहे."

त्यांनी पुन्हा तलावाकडे पाहिलं.

"आठ घंटे बसते तिथं तो, बाई," शालिकभाऊ म्हणाले. "समोर भिंत आहे. मान वळवून पाह्यलं, उठून पाह्यलं. कुठूनच पाणी दिसत नाई."